वर्कशॉपच्या काँक्रीटच्या भिंतींना इन्सुलेशन करावे का? सांगली-साताऱ्याच्या हवामानात निर्णय कसा घ्यावा

एप्रिल उजाडला की सांगलीजवळच्या आमच्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत दरवर्षी हाच विषय निघतो. शेडमध्ये दुपारी उभे राहवत नाही, कामगार तीनदा माठाकडे जातात, मायक्रोमीटरवरचे माप सकाळी एक आणि दुपारी दुसरेच येते, आणि मग कोणीतरी सुचवतो की भिंतींना आतून थर्माकोल मारून घ्या. मी स्वतः एकदा तसे केले आहे आणि दोन पावसाळ्यांत ते उखडूनही टाकले आहे. म्हणून हा लेख भिंतीवर काय चिकटवावे येथून सुरू न करता, भिंतीवर मुळात खर्च करावा की नाही, येथून सुरू केला आहे. लहान मशीन शॉप, फॅब्रिकेशनची शेड, सुतारकामाचा किंवा वाइंडिंगचा वर्कशॉप असणाऱ्यांना तो उपयोगी पडेल.

आधी ठरवा: जपायचे काय आहे?

इन्सुलेशन थंडावा निर्माण करत नाही. ते फक्त उष्णतेचा प्रवास मंद करते. त्यामुळे ज्या शेडमध्ये एसी नाही आणि पत्र्याखाली चारी बाजूंनी हवा खेळते, तेथे भिंतीला कितीही जाड थर दिला तरी आतली हवा बाहेरच्या हवेइतकीच तापणार. बहुतेक शेडमध्ये भिंतीचा माथा आणि पत्रा यांच्यामध्ये एक-दीड फुटाची मोकळी फट असते. ती उघडी ठेवून भिंतीला इन्सुलेशन करणे म्हणजे दार सताड उघडे ठेवून खिडकीला कुलूप लावण्यासारखे आहे. आणि ती बंद केली तर मशीनची उष्णता आणि वेल्डिंगचा धूर आतच कोंडतो.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: मला माणसांना बरे वाटायला हवे आहे, मोजमाप स्थिर हवे आहे, की माल कोरडा राहायला हवा आहे? तिन्हींची उत्तरे वेगळी आहेत. माणसाला वारा आणि डोक्यावरचा गार पत्रा हवा असतो. मोजमापाला स्थिर तापमान लागते. लांबीच्या मोजमापासाठी जगभर २० अंश सेल्सिअस हे संदर्भ तापमान धरले जाते, आणि पोलाद दर मीटरला दर अंशाला साधारण ११.५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढते. म्हणजे ३०० मिलिमीटरचा जॉब ५ अंशांनी तापला की तो १७ मायक्रॉन लांबतो. ॲल्युमिनियम असेल तर जवळजवळ दुप्पट. लाकडाचे गणित आणखी निराळे आहे. मिरजेत सतारी-तंबोरे घडवणाऱ्यांना विचारा, ते तापमानापेक्षा हवेतील ओलाव्याविषयी बोलतील, आणि भिंतीला चिकटवलेला फोम ओलाव्याचा प्रश्न सोडवत नाही.

एक आठवडा मोजणी करा

अंदाजावर खर्च करू नये. बंदुकीसारखा हातात धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर आणि तापमानाबरोबर आर्द्रता दाखवणारे एक साधे घड्याळ एवढे पुरे आहे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात रोज सकाळी ७, दुपारी १२, ३, सायंकाळी ६ आणि शक्य असल्यास रात्री ८ वाजता चारही भिंतींची आतली बाजू, पत्र्याची खालची बाजू, शटर आणि हवा यांची नोंद करावी. चकचकीत पत्र्यावर हे यंत्र चुकीचे, बहुधा कमी तापमान दाखवते. तेथे कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर नेम धरावा.

माझ्या वहीतली एका दिवसाची पाने अशी होती: दुपारी ३ वाजता हवा ३८, पत्र्याची खालची बाजू ५८, पश्चिमेची भिंत ३६. रात्री ८ वाजता पत्रा २९ वर उतरलेला, आणि तीच पश्चिमेची भिंत ४३. तळहात लावला तर नुकत्याच उतरवलेल्या तव्याची कड जाणवावी, तशी ती ऊब होती. ते आकडे पाहिल्यावर मला दोन गोष्टी कळल्या, ज्या त्याआधीच्या दहा वर्षांत कळल्या नव्हत्या.

पहिली अशी की दिवसपाळीत आम्हाला भाजत होता तो पत्रा, भिंत नव्हे. पृष्ठभाग ५८ अंशांवर असला की त्याची धग थेट डोक्यावर आणि खांद्यावर येते, आणि पंखा लावून ती जात नाही. दुसरी अशी की सहा इंची काँक्रीटमधून उष्णता आरपार यायला साधारण चार तास लागतात. पश्चिमेच्या भिंतीवर चार वाजता पडलेले ऊन आत पोहोचते ते आठच्या सुमारास. त्यामुळे एकाच पाळीत चालणारी आणि सहाला बंद होणारी शेड असेल, तर पश्चिमेची भिंत तापते म्हणून तिच्यावर पैसे घालण्यात फारसा अर्थ नाही. उलट सकाळी आठ-नऊचे ऊन झेलणारी पूर्वेची भिंत ऐन दुपारी आत ऊब सोडत असते. दुसरी पाळी चालवणाऱ्याला मात्र पश्चिमेची भिंतच छळते. आपली पाळी कोणती, यावर आपली भिंत कोणती हे ठरते.

ऊन कोठून येते

सांगली १६.८५ आणि सातारा १७.७ उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. सांगलीत ७ मेच्या आणि साताऱ्यात १० मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे माध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेलाच झुकलेला असतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की मे महिन्यात सर्वाधिक ऊन छप्पर घेते, पूर्व-पश्चिमेच्या भिंती तिरपे ऊन घेतात, आणि दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. दक्षिणेची भिंत तापते ती डिसेंबरात, जेव्हा ती ऊब साताऱ्यासारख्या ठिकाणी सकाळी हवीहवीशी वाटते. 'चारी भिंतींना करून टाकू' असे कोणी म्हणाले तर दक्षिण आणि उत्तर सरळ वगळाव्यात. अपवाद फक्त वातानुकूलित खोलीचा.

जिल्ह्यातील जागेनेही फरक पडतो. जत, आटपाडी, माण, खटाव या कोरड्या पट्ट्यात दिवस तापतो आणि रात्र चांगली उतरते. तेथे रात्री दारे-झरोके उघडे ठेवून काँक्रीट गार करून घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. जाड भिंत म्हणजे थंडाव्याचा रांजणच. तिला आतून फोम मारला की तो रांजण झाकला जातो आणि रात्रीचा गारवा दिवसा वापरता येत नाही. पाटण, जावळीकडे किंवा साताऱ्याच्या पश्चिम अंगाला उन्हापेक्षा पावसाची झड हा भिंतीचा खरा प्रश्न असतो.

आकडे मांडून पाहा

एक चौरस मीटर भिंतीतून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, किती वॅट उष्णता वाहते त्याला यू-मूल्य म्हणतात. हिशोब अवघड नाही. थराची जाडी मीटरमध्ये घेऊन तिला त्या मालाच्या उष्णतावाहकतेने भागावे, हा त्या थराचा रोध; असे सर्व थरांचे रोध एकत्र मिळवावेत, त्यात दोन्ही बाजूंच्या हवेचे मिळून ०.१७ घालावेत आणि १ ला त्या बेरजेने भागावे. काँक्रीटची वाहकता सुमारे १.६, विटांची ०.७५, हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या एएसी ब्लॉकची ०.१८, एक्सपीएस फोमची (थर्माकोलचाच घट्ट प्रकार) ०.०३३, रॉकवुलची (दगडापासून केलेले लोकरीसारखे तंतू) ०.०४ आणि पफची (पॉलियुरेथेन फोम) ०.०२३ धरावी.

यावरून सहा इंची (१५० मिमी) काँक्रीटच्या भिंतीचे यू-मूल्य ३.८ येते. प्लास्टर केलेल्या नऊ इंची विटांच्या भिंतीचे साधारण २. काँक्रीट मजबूत असले तरी उष्णता अडवण्यात ते विटेच्या मागे आहे, हे अनेकांना पटत नाही. काँक्रीटला २५ मिमी एक्सपीएस लावले की यू-मूल्य ३.८ वरून ०.९८ होते, ५० मिमी लावले की ०.५६. पहिल्या इंचानेच जवळजवळ तीन चतुर्थांश उष्णता अडते आणि दुसऱ्या इंचाने जेमतेम आणखी एक दशांश. त्यामुळे आपल्याकडे १०० मिमीचा थर विकू पाहणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा.

आता २० फूट लांब आणि १२ फूट उंच, म्हणजे २२ चौरस मीटरची, पश्चिमेची काळपट भिंत घेऊ. बाहेर ३८ अंश, भिंतीवर दर चौरस मीटरला ६०० वॅटचे ऊन, आत एसीने २६ अंश. उन्हामुळे भिंत अशी वागते की जणू बाहेरची हवा ५९ अंशांची आहे. तेव्हा आत येणारी उष्णता कमाल २,८०० वॅट, म्हणजे एक टनाच्या एसीचे (३,५०० वॅट) चार पंचमांश काम. तीच भिंत फक्त पांढरी रंगवली, तर बाहेरचे तापमान ४७ अंशांसारखे होते आणि उष्णता १,८०० वॅटवर येते. नुसत्या रंगाने तिसरा हिस्सा गेला! पांढरी रंगवून वर ५० मिमी एक्सपीएसही लावले, तर २६० वॅट उरतात. काँक्रीटची जाडी ही लाट थोडी सपाट करते, म्हणून हे आकडे वरची मर्यादा समजावेत.

पैशात पाहू. रंग दिल्यानंतर इन्सुलेशनने वाचणारे सुमारे १,५०० वॅट उष्णता म्हणजे एसीच्या विजेचे अर्धा किलोवॅट, कारण एसी एका वॅट विजेत साधारण तीन वॅट उष्णता बाहेर काढतो. दिवसाला ५ तास आणि वर्षाचे १०० दिवस धरले तर २५० युनिट. युनिटला १० रुपये मानले तर वर्षाला २,५०० रुपये. थर, जाळी, प्लास्टर आणि मजुरीसह चौरस फुटाला १५० रुपये खर्च गृहीत धरला, तर २४० चौरस फुटांना ३६,००० रुपये लागतात आणि ते वसूल व्हायला १४ वर्षे जातात. आपल्या बिलातील दर आणि आपल्या कंत्राटदाराचा भाव घालून हा हिशोब प्रत्येकाने पुन्हा करावा. एसी चोवीस तास चालत असेल तर चित्र पालटते. एसी नसेल तर हिशोब करण्याचेही कारण नाही.

भिंतीआधीची कामे

छप्पर सर्वांत आधी. पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग, पत्र्याखाली ५० मिमी ग्लासवुल किंवा रॉकवुलचा थर, आणि माथ्यावर वाऱ्याने फिरणारे व्हेंटिलेटर. या तीनपैकी रंग तरी या उन्हाळ्याआधी करावाच. माझ्या शेडमध्ये रंगानंतर पत्र्याची खालची बाजू ५८ वरून ४६ वर आली आणि भिंतीबद्दलची कुरकुर आपोआप अर्ध्यावर आली.

मग आतली उष्णता. १० अश्वशक्तीची मोटर पूर्ण भाराने चालते तेव्हा साडेसात किलोवॅट उष्णता शेवटी शेडमध्येच सुटते. सेकंदाला एक घनमीटर हवा बाहेर काढली तर ती दर अंशामागे साधारण १,२०० वॅट घेऊन जाते. म्हणजे १० किलोवॅटची मशिनरी असलेल्या शेडचे तापमान बाहेरपेक्षा ४ अंशांहून जास्त वाढू द्यायचे नसेल, तर सेकंदाला २ घनमीटर, तासाला सुमारे ७,५०० घनमीटर हवा बाहेर जायला हवी. एक्झॉस्ट फॅनच्या पाटीवर त्याची क्षमता लिहिलेली असते; ती वाचून फॅनची संख्या ठरवावी, आणि समोरच्या बाजूला हवा आत यायला तेवढीच जागा ठेवावी.

त्यानंतर सावली. द्राक्षबागांमुळे आपल्याकडे शेडनेट, बांबू आणि अँगल बसवणारे लोक गावोगाव आहेत. भिंतीपासून फूट-दीड फूट अंतर सोडून शेडनेट ताणली, तर भिंतीवर ऊन पडायचेच थांबते आणि मधल्या जागेतून वारा वाहतो. याचा खर्च इन्सुलेशनच्या तुलनेत अगदी थोडा आहे. लोखंडी शटरलाही विसरू नये. १० बाय १० फुटांचे पश्चिमाभिमुख शटर काँक्रीटच्या तेवढ्याच भिंतीपेक्षा जास्त उष्णता आत घेते.

ओल आहे का, हे तपासल्याशिवाय थर लावू नये

माझी चूक येथे झाली. मोजमापाच्या छोट्या खोलीला कंत्राटदाराने आतून थर्माकोल लावला, त्यावर प्लास्टिकचा कागद ताणला आणि प्लायवुड ठोकले. काम नीटनेटके दिसत होते. दुसऱ्या श्रावणात खोलीत शिरताना भिजलेल्या गोणपाटासारखा वास येऊ लागला, आणि एके दिवशी कोपऱ्यातला स्क्रू पिळताच त्याचे डोके हातात आले. प्लायवुड काढले तर मागे काळी बुरशी, थर्माकोल आणि प्लास्टिक यांच्यामध्ये पाण्याचे थेंब, आणि तळाशी वाळवीने थर्माकोल पोखरून केलेल्या मातीच्या नळ्या. कपाटातल्या स्लिप गेजवर (मापे पडताळायचे अचूक पोलादी ठोकळे) गंजाचे ठिपके पडले होते.

कारण समजून घेण्यासारखे आहे. थंड देशांत आतली हवा उबदार आणि दमट असते व वाफ आतून बाहेर जाते, म्हणून तेथे प्लास्टिकचा थर आतल्या बाजूला लावतात. आपल्याकडे एसीच्या खोलीत नेमके उलटे घडते. पावसाळ्यात बाहेरची हवा २८ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचे पाणी होते तो, २४ अंश असतो. ती हवा २२ अंशांच्या पृष्ठभागाला टेकली की पाणी सुटणारच. बाहेरून भिंतीतून येणारी वाफ माझ्या प्लास्टिकला अडली आणि तेथेच थिजली. आपल्या हवामानात वाफ अडवणारा थर बाहेरच्या, उबदार अंगाला हवा.

तपासणी सोपी आहे. भिंतीच्या संशयित भागावर दोन फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी पक्के चिकटवावे आणि दोन दिवस ठेवावे. थेंब प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला आले तर ती हवेतली वाफ आहे. ही चाचणी भर पावसाळ्यात करावी, मार्चमध्ये तिला काही अर्थ नाही. जोत्यापासून दोन-तीन फुटांपर्यंत पांढरा लोणा आणि पोपडे दिसत असतील तर पाणी जमिनीतून चढते आहे. आडव्या रेषेत किंवा भेगेभोवती डाग असतील तर पाऊस झिरपतो आहे. जोत्याभोवतीचा उतार, पन्हाळ, भेगा आणि बाहेरचे प्लास्टर दुरुस्त करून एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यावा. वर्षभर थांबणे जिवावर येते, पण ओल्या भिंतीवर थर चढवणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे आहे.

इन्सुलेशन करायचेच असेल तर

सगळी शेड नव्हे, एक खोली. ज्याला सीएमएम (जॉबची मापे घेणारे अचूक यंत्र), कॅलिब्रेशन किंवा इलेक्ट्रॉनिक जुळणीसाठी स्थिर तापमान हवे आहे, त्याने शेडच्या ईशान्य कोपऱ्यात खोलीत खोली उभारावी असे माझे स्पष्ट मत आहे. तासगाव-सांगली भागात बेदाण्याच्या शीतगृहांमुळे पफ पॅनेल बसवणारे अनुभवी लोक सहज मिळतात. ६० मिमी पॅनेलचे यू-मूल्य ०.४ च्या आत येते, सांधे बंद करण्याची त्यांची पद्धत पक्की असते, आणि पॅनेल व काँक्रीट यांच्यात दीड फूट बोळ ठेवला की भिंतीची ओल दिसत राहते व झाडूही फिरतो.

मूळ भिंतीलाच थर द्यायचा असेल तर तो बाहेरून द्यावा. भिंत घासून, भेगा भरून, चिकट मॉर्टरने ५० मिमी एक्सपीएस बसवावे, प्लास्टिकच्या खुंट्यांनी पक्के करावे, त्यावर फायबरची जाळी घालून पॉलिमर प्लास्टर आणि शेवटी पांढरा रंग. थराची खालची कड जमिनीपासून किमान एक फूट वर ठेवावी, म्हणजे चिखलाचे शिंतोडे, वाळवी आणि उंदीर यांना ती सापडत नाही. गवंड्याला फोमचे काम परके वाटत असेल तर दुसरा मार्ग आहे: दोन इंच पोकळी सोडून बाहेरून चार इंची एएसी ब्लॉकची पडदी बांधावी. तिचे यू-मूल्य १ च्या आसपास येते, ती जळत नाही, आणि आपल्या गवंड्यांना ती बांधता येते. हद्दीलगतची जागा मात्र आधी मोजून घ्यावी.

आगीबाबत तडजोड नको. थर्माकोल ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो, थिनरने विरघळतो, आणि फोमच्या आगीचा धूर काही मिनिटांत जीव घेऊ शकतो. ग्राइंडिंगची ठिणगी उघड्या फोमवर पडू शकेल अशी शेड कधीही ठेवू नये. वेल्डिंग, गॅस कटिंग किंवा पेंटिंग जेथे चालते तेथे आतून फक्त रॉकवुल आणि त्यावर सिमेंट बोर्ड. फोमला 'अग्निरोधक' असा शिक्का असला तरी हाच नियम.

कृष्णाकाठच्या सखल भागातील मंडळींसाठी आणखी एक गोष्ट. २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, आणि धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पुराचे पाणी ज्या शेडमध्ये शिरले आहे तेथे पाण्याची जुनी रेघ भिंतीवर शोधून, तिच्या एक फूट वरपर्यंत जिप्सम बोर्ड, प्लायवुड आणि रॉकवुल वापरू नये. रॉकवुल भिजून खाली बसते आणि जिप्समचा लगदा होतो. त्या उंचीपर्यंत काँक्रीट उघडे ठेवावे, धुऊन काढता येते.

कामाचा हंगाम दिवाळी ते होळी हाच ठेवावा. तेव्हा भिंती कोरड्या असतात, प्लास्टरला उन्हाचा चटका बसत नाही आणि वळवाची भीती नसते. काम चालू असताना प्रत्येक भिंतीवर तळाजवळ एक सहा इंची झाकण ठेवून घ्यावे, जे उघडून थराच्या मागे हात घालता येईल. पहिली दोन वर्षे ऑगस्टमध्ये ते उघडून आत कोरडे आहे का हे पाहावे, आणि पुढच्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात त्याच जागी, त्याच वेळांना थर्मामीटर धरून जुन्या वहीतील आकड्यांशेजारी नवे आकडे लिहावेत.